टेनिसचं खळं

पारूने आजवर टेनिसचा एकही चेंडू मारलेला नाही. तरी बोईसरच्या त्या कामगार वसाहतीत कुणालाही विचारा, टेनिसचं कोर्ट कुणाचं, तर क्लबाच्या अध्यक्षांचं नाव कोणी घेत नाही. ‘पारूचं,’ असंच उत्तर येतं. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतात. पारू सत्तावीस वर्षं तिथेच आहे.

तिचा कायदा एकच. पाऊस उघडल्यावर कोर्ट नव्याने घालायला घेतलं की जाळी चढेपर्यंत काठाच्या आत चप्पल नाही, बूट नाही. एकदा एका कारखान्याचे मोठे साहेब पाहणीला आले आणि सरळ आत शिरू लागले. पारू हातात लाकडी चोपणी घेऊन आडवी आली. म्हणाली, “साहेब, खळं हाय. पाय मोकळे करा.” बरोबरचे सगळे एकाएकी आभाळाकडे बघू लागले. साहेबांनी मुकाट्याने बूट काढले, तर मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर. त्या दिवसापासून साहेब पारूला जरा दबकूनच असत.

टेनिसच्या कोर्टाला ही बाई खळं का म्हणते, ते कळायला सत्तावीस वर्षं मागे जावं लागेल. कमलाकांत मास्तर माकुणसारचे, नोकरी बोईसरच्या शाळेत आणि जीव टेनिसमध्ये. वसाहतीने त्यांना जागा दिली, पण वर काही दिलं नाही. मास्तरांनी मुरूम आणला, वारुळाची माती आणली आणि चार बिगारी लावून कोर्ट घालायला घेतलं. पूर्वी गावोगावच्या जिमखान्यांत कोर्ट शेणामातीचंच असे, आपले जुने खेळाडू त्याच मातीवर पडले, खरचटले आणि मोठे झाले, असं मास्तर सांगत. सांगणं झकास होतं, पण काम होईना. पाणी मारलं की चिखल, ऊन पडलं की भेगा.

त्या चार बिगाऱ्यांत मासवणकडच्या पाड्यावरची पारू होती. डोंगराच्या कुशीतलं पावसावरचं शेत, दिवाळीनंतर हाताला काम नाही, म्हणून बोईसरला आलेली. तीन दिवस ती मास्तरांचा उद्योग पाहत होती. चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही.

“मास्तर, असं खळं केलं तर अर्धं भात मातीत जाईल,” ती म्हणाली.

“अगं, हे खळं नाही. इथे खेळायचं आहे.”

“खेळा की. पण जमीन तर नीट करा.”

मास्तर शहाणे. त्यांनी फावडं खाली ठेवलं. पारूने माती चाळून घेतली, भिजवली, दोन बायांना घेऊन दिवसभर पायांनी तुडवली. मग धुमसाने ठोकली, अर्धवट सुकल्यावर चोपणीने चोपून काढली. वरून पातळ शेणकाला. तो सुकला की पुन्हा चोपणी, पुन्हा शेणकाला. बाराव्या दिवशी मास्तरांनी चेंडू टाकून पाहिला. तो टप्पा घेऊन नीट त्यांच्या हातात परत आला. मास्तरांचे डोळे भरून आले, असं ते स्वतःच सांगतात, त्यामुळे खरं मानायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पांढरे कपडे घालून, चार खेळाडूंना घेऊन आले आणि काठावरच थबकले. कोर्टाच्या बरोबर मधोमध माणसाच्या उंचीचा लाकडी खांब रोवलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं, बुडाशी नारळ फोडलेला.

“हे काय?”

“मेढ,” पारू म्हणाली. “मेढीशिवाय खळं कसं? बैल कशाभोवती फिरणार?”

बैल फिरणार नव्हते, हे खरं. पण नवं खळं केलं की मध्ये मेढ रोवायची, तिची पूजा करायची आणि नव्या भाताची पहिली पेंढी तिच्या पायाशी झोडायची, ही पारूच्या घरची रीत. बाराव्या दिवशी संध्याकाळी काम संपलं तेव्हा तिच्या हातांनी पुढचं काम आपणहून केलं होतं. खेळाडू हसले. मास्तर हसले नाहीत. पूजा केलेला खांब उपटायला त्यांचं मन धजेना. त्यांनी फूटपट्टी आणली, मोजलं आणि मांडीवर थाप मारली. जाळी जिथे मध्यावर खाली बांधून धरावी लागते, नेमकी तीच जागा. सुताराला बोलावून मेढ जमिनीलगत कापली, तिच्यात लोखंडी कडी बसवली आणि जाळीचा मधला पट्टा त्या कडीला अडकवला. तो आजही तिथेच अडकवतात. मास्तरांनी पारूला ठेवून घेतलं ते कायमचं.

मग दरवर्षी तेच. पावसाळ्यात कोर्टाचं तळं होतं, बेडूक येतात. पाऊस उघडला की पारू जुना थर खरवडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्या मातीवर वसाहतीतली किती पोरं शिकली. कुणी जिल्ह्याला खेळलं, दोघं-तिघं राज्यापर्यंत गेले. गंमत म्हणजे जी खरी चांगली निघाली ती अधिकाऱ्यांच्या बंगल्यातली नव्हती. आता जिच्यावर मास्तरांची सगळी भिस्त आहे ती दीपिका कुंभवलीची, बाप रंगाच्या कारखान्यात पाळीवर जातो. सोळा वर्षांची पोरगी, अंगाने काटकुळी. रॅकेट मास्तरांच्या जुन्या शिष्याची, बूट कुणा मावसबहिणीचे. पारूची ती लाडकी आहे. कारण असं, की खेळून झालं की ती न सांगता झाडू घेते.

पण मागच्या वर्षी निमेश क्लबाचा सचिव झाला आणि कागद फिरू लागले. निमेश काही वाईट माणूस नाही. याच कोर्टावर शिकला, आता त्याचं स्वतःचं रसायनांचं दुकान आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. आजकाल आपल्याकडे सगळ्या स्पर्धा कठीण, सिमेंटच्या कोर्टावर होतात. दीपिका पुण्याला गेली, तिथे चेंडू दुप्पट वेगाने आला, पोरगी पहिल्याच फेरीत घरी. वर चार महिने पावसात कोर्ट बंद. मग सिमेंटचा कोबा घालावा, त्यावर निळा रंग द्यावा, बारा महिने खेळावं. चुकीचं काय होतं त्यात? मास्तर, ऐंशीच्या घरातला माणूस, काठी टेकत सभेला गेला आणि एवढंच म्हणाला, “माती थांबायला शिकवते रे.” सभेने ते लिहून घेतलं आणि डिसेंबरात कोबा घालायचं ठरवलं.

पारूला कोणी काढून टाकणार नव्हतं. बागेचं काम होतं, पगार तोच. निमेशने तसं स्वतः येऊन सांगितलं. “मावशी, उलट तुमचा त्रास वाचेल,” तो म्हणाला. पारूने मान हलवली. तिला आणखी एक कोबा ठाऊक होता, तो मासवणला.

तिच्या घरासमोर सासऱ्याच्या वेळेपासून खळं होतं. चार वर्षांपूर्वी गावात मळणीचं यंत्र येऊ लागलं. ताडपत्री पसरायची, दोन तासांत भात मोकळं. तिचा मुलगा चिंतू खूश. त्याने खळ्यावर सिमेंट घातलं आणि तिथे मोटरसायकल उभी करू लागला. “आता खळं कुणाला लागतं, आये?” तो म्हणाला. त्याचंही चुकीचं नव्हतं. पारूची कंबर वाचली, हे तीही कबूल करायची. पण ज्या कामात आपला हात धरणारं कोणी नाही, ते काम जगात कुणालाच नको आहे, हे पचवायला जड जातं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षापासून हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताची पहिली पेंढी ती बोईसरला आणू लागली. कोर्ट घालून झालं, की जाळी चढायच्या आधी, सकाळी कोणी नसताना मेढीपाशी पेंढी झोडायची. मग गुडघ्यावर बसून दाणा न दाणा वेचायचा आणि पदरात बांधायचा. जगात तिचं एवढंच खळं उरलं होतं, आणि डिसेंबरात तेही जाणार होतं.

ऑक्टोबरात मास्तर एक बातमी घेऊन आले. मुंबईत मुलींना शिकवणाऱ्या हिना मॅडम कोर्ट पाहायला येणार. त्यांच्या निवडक बारा मुली पुढच्या उन्हाळ्यात युरोपात खेळायला जायच्या आहेत. तिकडे सगळा खेळ मातीवर, आणि आपल्या पोरी कठीण कोर्टावर वाढलेल्या. मातीवर पाय ठेवला की गडबडतात. म्हणून त्या सरावासाठी मातीचं कोर्ट शोधत होत्या आणि त्यांना कुठे मनासारखं मिळत नव्हतं.

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” मास्तर म्हणाले. “पारू, त्यांना पसंत पडलं तर कोबा टळेल. निमेशने तसा शब्द दिलाय.”

पारूने त्या वर्षी कोर्ट घातलं ते असं, की बघणाऱ्याने चालताना अंग चोरावं. शेवटचा शेणकाला सुकला, तिने मेढीपाशी पेंढी झोडली, दाणे वेचले. वेचताना पदर घाईने बांधला, कारण मासवणहून चिंतूचा फोनवर फोन येत होता. मागून पिकणारं गरवं भात कापायला आलं होतं. जाताना तिने दीपिकाला बजावलं. “रोज सांजेला पाणी मार. मधे जास्त, काठाला कमी. शिंपडायचं, ओतायचं नाय.”

“मावशी, सहा दिवसांचं तर काम आहे.”

“सहा दिवसांत खळं मरतं,” पारू म्हणाली आणि बस पकडली.

दीपिकाने सांगितलेलं अगदी मनापासून केलं. तिथेच सगळं झालं. सहाव्या दिवशी ऊन कलताना पारू परत आली, पायताण काढून आत गेली आणि मधोमध पोचताच थबकली. मेढीभोवती हिरवे कोंब आले होते. बोटभर उंच, दाट, सरळ. म्हातारे डोळे, घाईचा पदर. न वेचलेले दाणे पायांखाली मातीत दबले होते, दीपिकाने इमानाने पाणी घातलं होतं, आणि हळवं भात ते, त्याने रुजायला मुहूर्त पाहिला नव्हता. हिना मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या.

दीपिकाच्या तोंडचं पाणी पळालं. तिला वाटलं गवत आलं, पण मावशीला विचारल्याशिवाय तिने हात लावला नव्हता. आता ती उपटायला वाकली.

“थांब,” पारू म्हणाली. “मूळ ओढलंस तर वरचा थर उचलून येईल. खड्डे पडतील.”

“मग कापून टाकू या? वरून शेणकाला मारू. कुणाला कळणार नाही.”

पारू मेढीपाशी उकिडवी बसली. कापायला विळा हाताशी होता. पण वाढत्या भाताला खळ्यात विळा लावायचा, तोही लपवाछपवीसाठी, हे तिला जमेना. शिवाय चूक तिची होती. “राहू दे,” ती म्हणाली. “काय व्हायचं ते उजेडात होऊ दे.” त्या रात्री ती जेवली नाही. हे तिने पुढे स्वतःच सांगितलं, नाहीतर तिच्या तोंडावरून कुणाला कळलं नसतं.

हिना मॅडम सकाळी आठला आल्या. चाळिशीतली बाई, उन्हाने रापलेली, बोलणं मोजकं. काठावर पारू उभी होतीच. जाळी अजून चढली नव्हती, त्यामुळे कायदा लागू होता. “पाय मोकळे करा, बाय,” ती म्हणाली. निमेशने डोळे मिटले. मॅडमनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी आत गेल्या. टाच दाबून पाहिली. चारही कोपऱ्यांत खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडला. तो सगळीकडे सारखाच उसळला. मास्तर काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

मग त्या मध्यावर आल्या. निमेशला आत्तापर्यंत काही ठाऊक नव्हतं. कोंब पाहून तो पांढराफटक पडला. “हे जरा गवत आलंय, आजच काढतो,” तो घाईने म्हणाला.

“गवत नाय, भात हाय,” पारू म्हणाली. “मीच झोडलंय हितं. माझी चूक हाय, या पोरीची नाय.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं निमेशच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मॅडमनी पारूकडे पाहिलं. “टेनिसच्या कोर्टावर भात का झोडलं?”

“खळ्याला पयली पेंढी द्यावी लागते. घरी खळं होतं, तिथं आता कोबा हाय. मग मी ती हितं आणते. हे पन गेलं तर कुटं नेणार?”

हे सगळं तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. मॅडम कोंबांपाशी गुडघ्यावर बसल्या, त्यांनी नखाने माती किंचित खरडली आणि बोट आत खुपसलं.

“किती दिवस झाले झोडून?”

“आज सातवा.”

“पाणी दिवसातून किती वेळा?”

“एकदाच,” दीपिका म्हणाली. “संध्याकाळी. शिंपडायचं, ओतायचं नाही.”

“ऑक्टोबरच्या उन्हात एका पाण्यावर?” मॅडम उभ्या राहिल्या. “निमेशभाई, मी गेल्या दोन महिन्यांत पाच कोर्टं पाहिली. दुपारी बाराला सगळ्यांची धूळ होते, मुली घसरून पडतात. वरून कोरडं आणि आत ओल, हे मला कुणी करून दाखवलं नव्हतं. इथे तर भात उगवलंय.” मग पारूला म्हणाल्या, “मावशी, जाळीखाली कोणी खेळत नाही. ते राहिलं तरी माझी हरकत नाही.”

जाळी चढवली, बूट घातले गेले, आणि मॅडम दीपिकाबरोबर खेळल्या. त्यांनी एक चेंडू जाळीजवळ हळूच टाकला. दीपिका मागच्या रेघेवरून धावत आली, शेवटची चार पावलं पाय न उचलता घसरतच गेली आणि चेंडू उचलून पलीकडे ठेवला. मॅडमनी पुन्हा तसाच टाकला. पुन्हा तेच.

“असं घसरायला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही,” दीपिका ओशाळून म्हणाली. “पाय थांबतच नाहीत, मग काय करणार.”

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. जाताना त्यांनी सांगितलं की बारा मुली नोव्हेंबरच्या शेवटी येतील, होळीपर्यंत राहतील, आणि दीपिका धरून तेरा होतील. निमेशने शब्द पाळला. निळं कोर्ट होणार, पण पलीकडे गाड्या लावतात त्या जागेवर. त्यालाही ते मनातून बरं वाटलं असावं, कारण त्याने मास्तरांना स्वतःच्या गाडीतून माकुणसारला सोडलं.

मुली आल्या त्या सकाळची गोष्ट. सामान उतरत होतं, रॅकेटांच्या पिशव्या ओळीने भिंतीला टेकल्या होत्या. तेवढ्यात फाटकातून चिंतूची मोटरसायकल आत आली. मागे दोरीने बांधलेली भाताची एक पेंढी होती, गरव्या भाताची, लांब कणसांची. पारू घाबरलीच. घरी काही झालं का, असं तिने विचारलं.

“काय नाय झालं,” चिंतू म्हणाला. तो पेंढीची दोरी सोडत होता, आईकडे बघत नव्हता. “सगळं यंत्रात घातलं. ही येक घातली नाय. तुझ्यासाठी ठेवली.”

पारूने पदर कमरेला खोचला. दीपिकाने जाऊन जाळीचा मधला पट्टा कडीतून सोडवला आणि जाळी बाजूला धरली. मुंबईच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मॅडमनी त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि त्या काठावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.

जाळी चढून महिना होत आला होता, म्हणजे कायदा केव्हाच उठला होता. चिंतूला तो कोणी सांगितलाही नव्हता. पेंढी खांद्यावर घेऊन तो काठापर्यंत आला, तिथे थांबला आणि त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या.

“ये,” पारू म्हणाली. “पन आज दाना येकपन राहता नये. सगळ्यांनी वेचायचे हायत.”